सात नंबर का दिसत नाही? न्यू जर्सीत घरावर टीव्हीचा अँटेना बसवताना

मध्य न्यू जर्सीत, म्हणजे एडिसन-इसेलिन-पिस्कॅटवे या आपल्या लोकांच्या पट्ट्यात, केबलच्या बिलाला वैतागून एखादा माणूस दुकानातून कागदासारखा चपटा अँटेना आणतो, खिडकीच्या काचेला चिकटवतो आणि टीव्हीवर स्कॅन लावतो. २, ४, ५, ९ झकास दिसतात. ७, ११ आणि १३ मात्र येत नाहीत, किंवा येतात आणि चौकोन चौकोन होऊन फुटतात. मग तो अँटेना दुसऱ्या खिडकीत नेतो, भिंतीवर उंच चिकटवतो, ‘२०० मैल’ लिहिलेला महागडा अँटेना मागवतो, त्याला अ‍ॅम्प्लिफायर जोडतो. सात नंबर येत नाही तो नाहीच.

तो माणूस मी होतो, आणि चांगला महिनाभर होतो. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले बाबा सोफ्यावर बसून हा खेळ बघत होते. एक दिवस न राहवून म्हणाले, “अरे, तुमचा सिंहगड कुठल्या दिशेला आहे ते तरी बघितलंस का?”

पुण्यात १९७३ साली टीव्ही आला तो सिंहगडावरच्या केंद्रामुळे. मुंबईचे कार्यक्रम तिथून पुण्यावर सोडले जायचे. कुणाच्याही पत्र्यावर किंवा गच्चीवर चढलं की गडावरचा मनोरा दिसायचा, आणि गावातले झाडून सगळे अँटेने त्याच्याकडे तोंड करून उभे असायचे. दिशा शोधायची म्हणजे काय करायचं, हा प्रश्न त्या पिढीला पडलाच नाही. मी मात्र हजारो मैल लांब येऊन, अँटेना कुणीकडे तोंड करून लावायचा याचा विचारही न करता तीन अँटेने विकत घेतले होते.

आधी थोडं, कशासाठी

अमेरिकेत एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस या वाहिन्या हवेतून फुकट येतात. केबलवाले त्याच वाहिन्यांसाठी बिलात ‘ब्रॉडकास्ट टीव्ही फी’ अशी वेगळी ओळ घालतात. अँटेनावरचं चित्र बहुतेकदा केबलपेक्षा स्वच्छ असतं, कारण स्टेशनने सोडलेला प्रवाह (एका चॅनलच्या जागेत सेकंदाला १९.३९ मेगाबिट) मधे कुणी पुन्हा न दाबता थेट तुमच्या टीव्हीत येतो. शिवाय वादळात इंटरनेट गेलं तरी हवामानाच्या बातम्या चालू राहतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडीने न्यू जर्सीला झोडपलं, तेव्हा इथे असलेल्यांना याची किंमत सांगायला नको.

मराठी वाहिनी मात्र यातून मिळणार नाही, क्रिकेटही नाही. त्यासाठी तुमची जी काही अ‍ॅप असतील ती चालू ठेवा. अँटेना सगळ्याला पर्याय आहे असं सांगणाऱ्याने तो स्वतः लावलेला नसतो.

सिंहगड शोधा

इथे दोन सिंहगड आहेत आणि दोन्ही मॅनहॅटनमध्ये: एम्पायर स्टेट बिल्डिंग आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटर. जुन्या वर्ल्ड ट्रेडच्या उत्तर मनोऱ्यावर न्यू यॉर्कच्या बहुतेक मोठ्या स्टेशनांचे अँटेने होते. ११ सप्टेंबर २००१ ला तो मनोरा कोसळला आणि त्या वाहिन्या हवेतून एकदम गेल्या. चॅनल २ तेवढा चालू राहिला, कारण त्याचा राखीव ट्रान्समीटर एम्पायर स्टेटवर होता. पुढे सगळा पसारा एम्पायर स्टेटवर हलला, आणि २०१७ नंतर काही स्टेशनं नव्या इमारतीवर परत गेली.

एडिसनच्या मध्यापासून एम्पायर स्टेट सरळ रेषेत साधारण २७ मैल आहे, वन वर्ल्ड ट्रेड सुमारे २५. एकाची दिशा खऱ्या उत्तरेपासून ५५ अंश, दुसऱ्याची ५७. म्हणजे आपल्या दृष्टीने ती एकच दिशा, ईशान्य. अँटेना एकदा नीट रोखला की दोन्हीकडचं काम होतं, आणि हे आपलं नशीब आहे. काही शहरांत मनोरे चार दिशांना पांगलेले असतात.

तुमच्या घराचा हिशोब काढायला रॅबिटइअर्स डॉट इन्फो ही फुकट साइट वापरा. तिथल्या सिग्नल सर्चमध्ये घराचा पत्ता आणि अँटेना जमिनीपासून किती फुटांवर असेल ते टाका. प्रत्येक स्टेशनपुढे तीन गोष्टी दिसतील: अंतर, दिशेचे अंश, आणि सिग्नल किती जास्तीचा आहे ते डेसिबलमध्ये. उंचीच्या जागी १० आणि मग २५ फूट टाकून बघा. आकडे किती बदलतात ते पाहिलं की पैसे अँटेनावर घालायचे की उंचीवर, ते कळतं. एफसीसी, म्हणजे इथल्या प्रसारणावर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवरही असा नकाशा आहे. तो सोपा आहे, पण इतका तपशील देत नाही.

दिशा मिळाली की होकायंत्र, आणि इथे एक खड्डा आहे. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जवळपास शून्य, त्यामुळे शाळेत होकायंत्र शिकताना कुणी त्याचा बाऊ केला नाही. न्यू जर्सीत सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण १२ ते १३ अंश पश्चिमेला वळलेली असते. नकाशा ५५ म्हणत असेल, तर होकायंत्रावर ६७-६८ वाचायला हवं. फोनमध्ये ‘ट्रू नॉर्थ’ असा पर्याय असतो, तो चालू केला की ही बेरीज करावी लागत नाही. फोन लोखंडी दांड्यापासून चार पावलं लांब धरा, नाहीतर सुई दांड्याचंच ऐकते. त्यापेक्षा सोपी युक्ती म्हणजे उपग्रहाच्या नकाशावर घरापासून एम्पायर स्टेटपर्यंत रेघ ओढायची आणि ती रेघ शेजारच्यांच्या कुठल्या झाडावरून किंवा धुराड्यावरून जाते ते बघायचं. मी शेवटी तसंच केलं.

प्रिन्स्टनच्या बाजूला राहणाऱ्यांना फिलाडेल्फिया जास्त जवळ पडतं. तिथले मनोरे रॉक्सबरो भागात आहेत. एडिसनहून ते साधारण ५५ मैलांवर, न्यू यॉर्कच्या बरोबर उलट दिशेला. दोन्ही शहरं एकाच अँटेनाने पकडायचा मोह एडिसनमध्ये तरी आवरा.

खोक्यावरच्या मैलांबद्दलही सांगून टाकतो. पृथ्वी गोल आहे. एम्पायर स्टेटच्या उंचीवरून निघालेली लहर आणि तुमच्या घराचं छप्पर यांना एकमेकांच्या नजरेत राहता येतं ते फार तर ६० मैलांपर्यंत. त्यापलीकडे थोडंफार पोहोचतं, पण त्याचा भरवसा नाही. ‘२५० मैल’ असं छापणाऱ्याला पृथ्वीचा आकार मान्य नसावा. ‘फोर-के अँटेना’, ‘एचडी अँटेना’ यांचंही तेच. १९७३ चा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडाही आजचा डिजिटल सिग्नल पकडतो, कारण येणारी लहर डिजिटल की अ‍ॅनालॉग हे धातूच्या कांडीला कळत नाही.

पडद्यावरचा नंबर आणि खरा नंबर

माझं महिनाभराचं कोडं इथे सुटलं. टीव्हीवर दिसणारा नंबर हा स्टेशनचा जुना, लोकांच्या तोंडी बसलेला नंबर असतो. प्रत्यक्षात ते कुठल्या फ्रिक्वेन्सीवरून येतं तो नंबर वेगळाच असू शकतो. १२ जून २००९ ला इथल्या मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं तेव्हा एकदा अदलाबदल झाली. पुढे ३८ ते ५१ या चॅनलांची जागा सरकारने लिलावात मोबाइल कंपन्यांना विकली, आणि जुलै २०२० पर्यंत उरलेल्या स्टेशनांना २ ते ३६ मध्ये दाटीवाटीने बसवलं. ३७ नंबर रेडिओ खगोलशास्त्रासाठी मोकळा ठेवलेला आहे.

न्यू यॉर्कमध्ये पडद्यावरचा २ प्रत्यक्षात ३६ वर आहे, ४ हा ३५ वर, ५ हा २७ वर आणि ९ हा २५ वर. हे सगळे यूएचएफ, म्हणजे आखूड लहरी. पण ७ खरोखरच ७ वर आहे, ११ खरोखर ११ वर, आणि १३ आहे १२ वर. हे तिघे व्हीएचएफ, लांब लहरींचे.

अँटेनाची कांडी लहरीच्या साधारण निम्म्या लांबीची असली की तिला ती लहर नीट पकडता येते. यूएचएफसाठी ती लांबी २५ ते ३२ सेंटिमीटर. चपट्या अँटेनात एवढी पट्टी आरामात मावते. सात नंबरची लहर जवळजवळ १७० सेंटिमीटर लांब, म्हणजे कांडी हवी ८० सेंटिमीटरच्या आसपास. तेवढा धातू त्या कागदात नाही. अ‍ॅम्प्लिफायर लावून काय होणार? जे पकडलंच नाही ते वाढवणार कसं?

बे एरियातल्या मंडळींनीही हे लक्षात ठेवावं. तिथे पडद्यावरचे ४, ७ आणि ११ हे तिघे प्रत्यक्षात व्हीएचएफवरून येतात. बाकीच्या शहरांत रॅबिटइअर्सच्या यादीत खऱ्या चॅनलचा नंबर बघा. तो ७ ते १३ असेल तर व्हीएचएफ धरणारा अँटेना हवा. २ ते ६ असेल (फिलाडेल्फियाचा ६ नंबर असा आहे) तर आणखी लांब कांड्यांचा. सगळे १४ च्या वर असतील तर चपटा अँटेनासुद्धा चालून जाईल.

कुठला घ्यायचा

मॅनहॅटनपासून १०-१२ मैलांत, जर्सी सिटी किंवा हडसनकाठच्या गावांत राहत असाल आणि खिडकी पूर्वेला असेल, तर ‘सशाचे कान’ घ्या. दोन लांब होणाऱ्या कांड्या, मधे एक गोल कडी, किंमत जेमतेम. कांड्या पूर्ण ओढून ताणायच्या नाहीत, ही चूक सगळे करतात. सात नंबरसाठी प्रत्येक कांडी साधारण १६ इंच, ११ साठी १४ इंच. १५ वर ठेवा, तिन्ही येतील. कांड्या आडव्या, एका रेषेत पसरा. त्या रेषेला काटकोनात मनोरा यायला हवा. म्हणजे कांड्यांची टोकं मनोऱ्याकडे नकोत, बाजू हवी.

एडिसनसारख्या २५-३० मैलांवर घरात ठेवलेल्या अँटेनाने काम झालं तर आनंदच आहे, पण त्यावर विसंबू नका. इथे मी फुलपाखरासारख्या पंखांचे चार जोड असलेला यूएचएफ अँटेना आणि त्याच्याच दांड्याला व्हीएचएफची आडवी कांडी, असा जोडसंच घेतला. अशा संचाला सहसा १०० डॉलरच्या आसपास पडतात. माशाच्या काट्यासारखा लांब अँटेनाही छान चालतो. तो जास्त दिशा धरून असतो, त्यामुळे दूरच्यांना बरा, पण पोटमाळ्यात मावायला कठीण. दोन वेगळे अँटेने जोडणार असाल तर ते यूएचएफ-व्हीएचएफ कम्बाइनरने जोडा. एका केबलचे दोन फाटे करणारा साधा स्प्लिटर उलटा लावला तर दोन्हीकडचा निम्मा सिग्नल वाया जातो.

जागा: आधी तात्पुरती, मग कायमची

छपराला भोक पाडण्याआधी एक शनिवार नुसता चाचणीला द्या. ५० फूट कोअ‍ॅक्स केबल, जुना लहान टीव्ही, आणि अँटेना झाडूच्या दांड्याला बांधलेला. वरच्या मजल्यावरची ईशान्येची खोली, पोटमाळा, गॅरेजचं छप्पर, मागचा डेक, प्रत्येक जागी स्कॅन करा आणि सात नंबरवर सिग्नलचं मीटर काय दाखवतं ते लिहून ठेवा. यूएचएफचे नंबर बहुधा सगळीकडे येतील, परीक्षा घ्यायची ती सातची.

पोटमाळा सगळ्यांना आवडतो. पाऊस नाही, बर्फ नाही, शेजाऱ्यांची कुरकुर नाही. डांबरी शिंगल आणि लाकडाच्या छपरातून सिग्नल बराच शिरतो. पण आत चांदीसारखा कागद लावलेलं इन्शुलेशन असेल, भिंतीला अ‍ॅल्युमिनियमचं सायडिंग असेल, किंवा छपरावर सोलर पॅनेल असतील तर पोटमाळा विसरा. तो धातूचा डबा आहे. माझ्या पोटमाळ्यात तो चंदेरी कागद होता. मी अँटेना बसवला, तारा ओढल्या, घामाने निथळलो आणि मग वर मान करून बघितलं. खिडक्यांच्या नव्या काचांवरही उष्णता परतवणारा धातूचा अदृश्य थर असतो. काचेवर चिकटवलेला अँटेना कधी कधी नुसत्या भिंतीवर जास्त चांगला चालतो, त्याचं कारण हेच.

बाहेर बसवायचा तर उंच जागा आणि ईशान्येला मोकळी नजर. अनेक घरांवर आधीच्या मालकाची सॅटेलाइट डिश गंजत पडलेली असते. तिची केबल उपयोगी पडते, पण वाटेत डिशचे स्विच वगैरे काही असेल तर काढून टाका. तिचा वाकडा दांडा मात्र बहुतेकदा दक्षिणेच्या उतारावर असतो, म्हणजे आपल्या सिंहगडाकडे पाठ करून. त्यावरचा अँटेना छपराच्या माथ्याच्या वर निघत नसेल तर दुसरी जागा शोधा. धुराड्याला पट्ट्यांनी बांधता येतो, पण जुन्या विटांवर वाऱ्याचा भार टाकायला मला धजलं नाही. मी घराच्या त्रिकोणी भिंतीवर दोन ब्रॅकेट मारून पाच फुटी पाइप उभा केला.

शिडीवर चढण्याआधी

विजेच्या तारा. घरात येणारी तार कुठून येते ते आधी खाली उभं राहून बघा. दांडा आणि अँटेना मिळून जेवढी लांबी, निदान तिच्या दुप्पट अंतर तारेपासून हवं, म्हणजे हातातून सुटून आडवा पडला तरी तारेला शिवणार नाही. हे जमत नसेल तर त्या जागी बसवूच नका. दुसरा माणूस खाली हवाच. वाऱ्याच्या दिवशी किंवा ओल्या छपरावर नाही. दोन मजली उताराच्या छपरावर चढायची सवय नसेल तर त्या एका कामाला माणूस बोलवा, त्यात कमीपणा नाही.

ब्रॅकेटचे जाड स्क्रू सायडिंगला किंवा नुसत्या प्लायवूडला नाही, मागच्या लाकडी वाशात गेले पाहिजेत. वासा शोधूनच भोक पाडा. प्रत्येक भोकात आणि ब्रॅकेटच्या मागे छपराचं सीलंट भरा. दांडा लेव्हलने तपासून सरळ उभा करा, कारण तो कलला तर फिरवताना अँटेना वर-खाली बघू लागतो. कांड्या जमिनीला समांतर राहू द्या. व्हीएचएफची कांडी यूएचएफच्या पंखांपासून दोन-तीन फूट दूर ठेवता आली तर उत्तम. नट आता हातानेच आवळा, पाना शेवटी.

मग अर्थिंग. यात टंगळमंगळ नको. दांड्यापासून १० गेजची तांब्याची तार घराच्या मुख्य अर्थिंगपर्यंत न्यायची, आणि कोअ‍ॅक्स घरात शिरण्याआधी तिच्यात ग्राउंडिंग ब्लॉक घालून तोही त्याच तारेला जोडायचा. अंगणात वेगळी सळई ठोकून मोकळं व्हायचा मोह होतो. ते चुकीचं आहे, उलट धोक्याचं आहे. वेगळी सळई ठोकलीच तर ती ६ गेजच्या तारेने मुख्य अर्थिंगला जोडावी लागते. हे आकाशातल्या विजेच्या थेट आघातासाठी नाही, तो कुणी थांबवू शकत नाही. वाऱ्याने आणि जवळच्या गडगडाटाने साठणारा भार वाहून जावा यासाठी आहे. तुमच्या गावाचे नियम वेगळे असतील तर तिथल्या बांधकाम खात्याला विचारा.

केबल, स्प्लिटर आणि अ‍ॅम्प्लिफायरची हाव

केबल आरजी-६ घ्या. १०० फुटांत यूएचएफचा साधारण ५ डेसिबल सिग्नल ती खाते, आणि ३ डेसिबल म्हणजे निम्मा. त्यामुळे ४० फुटांचं काम असताना १०० फुटांचं वेटोळं मागे गुंडाळून ठेवू नका. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल, आत येणार नाही. बाहेरच्या जोडांवर रबरी टेप गुंडाळा. माझ्या ओळखीतल्या एका घरी दोन वर्षांनी सगळे नंबर हळूहळू गेले. अँटेना बदलला, टीव्ही बदलायची भाषा सुरू झाली, आणि शेवटी एका जोडात हिरवं पडलेलं तांबं सापडलं.

भिंतीतली जुनी केबलची वायरिंग वापरता येते, खोल्याखोल्यांत ती आधीच पोहोचलेली असते. पण घराबाहेरच्या डब्यात केबल कंपनीची येणारी तार आधी सोडवा. दोन्ही जोडलेलं ठेवलं तर त्यांचा सिग्नल तुमच्यात आणि तुमचा त्यांच्यात मिसळतो.

दोन टीव्हींसाठीचा स्प्लिटर साधारण ३.५ डेसिबल खातो, चारचा ७. म्हणून आधी एकाच टीव्हीला थेट जोडून बघा. सगळे नंबर ठणठणीत आले तरच फाटे फोडा. फाटे फोडल्यावर काही नंबर गेले, किंवा केबल फार लांब आहे, तर अँटेनाजवळ बसवायचा प्री-अ‍ॅम्प्लिफायर घ्या. मॅनहॅटनच्या जवळ राहणाऱ्यांनी तो घेऊच नये. एवढ्या दणदणीत सिग्नलाला आणखी फुगवलं की ट्यूनर, म्हणजे टीव्हीतला सिग्नल उलगडणारा भाग, गुदमरतो आणि आधी दिसणारे नंबरही जातात. मी विकत घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर खोक्यात पडून आहे.

तारा ओढायचाच कंटाळा असेल तर नेटवर्क ट्यूनर हा चांगला मार्ग. अँटेना त्या डब्याला, डबा राउटरला, आणि घरातले सगळे टीव्ही वायफायवरून बघतात. रेकॉर्डिंगही होतं.

रोखणे आणि स्कॅन

टीव्हीच्या मेन्यूत चॅनलच्या भागात जा. तिथे ‘अँटेना’ किंवा ‘एअर’ निवडा, ‘केबल’ नाही. मग ऑटो स्कॅन. स्कॅन झाल्यावर सात नंबर लावा आणि सिग्नल मीटर उघडा. वर एक माणूस, आत एक माणूस. फोन चालू ठेवून आमच्याकडे पुन्हा तेच सुरू झालं:

“दिसतंय का?”

“थांब, अजून नाही.”

“आता?”

“आलं होतं, गेलं. मागे घे जरासा!”

फरक एवढाच की पूर्वी पडद्यावरच्या मुंग्या कमी-जास्त व्हायच्या, त्यावरून दिशा बरोबर की चूक ते लगेच कळायचं. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. चित्र एक तर पूर्ण आहे, नाहीतर नाही, आणि मधल्या अरुंद जागेत ते फुटतं. म्हणून अँटेना पाच-पाच अंशांनीच फिरवायचा, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबायचं आणि चित्राकडे नाही, मीटरकडे बघायचं. मीटरवर ताकद आणि दर्जा असे दोन आकडे असतील तर दर्जाचा आकडा धरा. सातला सगळ्यात चांगला आकडा मिळाला की ११, १३ आणि मग २, ४, ५ तपासा. एखादा दुबळा असेल तर दोन-चार अंश त्याच्या बाजूने द्या. मग पाना घ्या, नट आवळा आणि शेवटचा पूर्ण स्कॅन करा.

आमचा सात नंबर नकाशावरच्या दिशेपेक्षा सहा-सात अंश उत्तरेला सरकल्यावर सगळ्यात चांगला आला. बहुधा शेजारच्या मोठ्या ओकच्या झाडाला टाळून. नकाशाला झाड माहीत नसतं.

स्टेशनं अधूनमधून जागा बदलतात, नवे उपचॅनल येतात, म्हणून वर्षातून दोनदा स्कॅन करा. एखादा नंबर विनाकारण गेला तर आधी केबल काढून रिकामा स्कॅन करा. टीव्हीची जुनी यादी पुसली जाते. मग केबल लावून पुन्हा करा.

नंतरच्या तक्रारी

संध्याकाळी दिवे लागले की सात नंबर फुटतो? स्वस्त एलईडी बल्ब आणि फोनचे चार्जर व्हीएचएफमध्ये गोंगाट करतात. एकेक बंद करून बघा. आमच्याकडे चोर निघाला गॅरेजचा दरवाजा उघडणाऱ्या यंत्रातला बल्ब.

मधेच काही सेकंद चित्र थरथरतं आणि आपोआप सावरतं? नेवार्कला उतरणारी विमानं. त्यांच्या पोटावरून परतलेली लहर मूळ लहरीत मिसळते. यावर इलाज अँटेना आणखी काटेकोर रोखणे एवढाच, आणि तोही अर्धवट.

हिवाळ्यात सगळं ठीक आणि मे महिन्यात दुबळं? झाडांना पानं आली. म्हणून शक्यतो चाचणी उन्हाळ्यात करा. जानेवारीत कसाबसा पास झालेला अँटेना जूनमध्ये नापास होतो.

जवळच मोबाइलचा मनोरा असेल आणि यूएचएफचे नंबर अडखळत असतील, तर एलटीई फिल्टर नावाची बोटभर वस्तू केबलमध्ये घाला.

‘नेक्स्टजेन टीव्ही’ म्हणजे एटीएससी ३.० बद्दल लोक विचारतात. एफसीसीने त्याला २०१७ मध्ये परवानगी दिली. त्यासाठी अँटेना बदलावा लागत नाही, लागला तर ट्यूनर बदलावा लागतो. काही स्टेशनं त्या सिग्नलला कुलूप लावतात, त्यामुळे तेवढ्यासाठी आज नवा टीव्ही घेऊ नका.

सोसायटीचं पत्र आलं तर

टाउनहाउसमध्ये राहणाऱ्या एका मित्राने डेकच्या कठड्याला अँटेना लावला आणि आठवड्याभरात घरमालक संघाचं पत्र आलं: काढा, नाहीतर दंड. एफसीसीचा १९९६ चा नियम अशा वेळी तुमच्या बाजूने आहे. जी जागा फक्त तुमच्या वापरातली आहे, म्हणजे तुमचं छप्पर, डेक, बाल्कनी, तिथे टीव्हीचा अँटेना लावायला संघ किंवा घरमालक बंदी घालू शकत नाही, विनाकारण उशीर किंवा खर्चही लादू शकत नाही. भाडेकरूलाही हे लागू आहे. सुरक्षेचे वाजवी नियम मात्र ते घालू शकतात. सामायिक छप्पर, सामायिक भिंत यांना हे संरक्षण नाही, आणि भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची मुभाही यातून मिळत नाही. तिथे बाल्कनीत जड पायाच्या स्टँडवर अँटेना उभा करा आणि दाराच्या फटीतून जाणारी चपटी केबल वापरा. मित्राने नियमाचा हवाला देऊन सभ्य भाषेत दोन परिच्छेद लिहिले. पुढचं पत्र आलं नाही. अँटेना अजून कठड्यावरच आहे, आता त्यावर चिमण्या बसतात.